अस्वल अडकलंय बंदरात: हे खेळणं की दिवा?

कंदीलवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय तोही रडगाण्याचा, सांभाळून घ्या.

पुण्यात माझं घरसजावटीच्या वस्तूंचं छोटं दुकान आहे, विक्री बहुतेक ऑनलाइन. चीनमधल्या एका पुरवठादाराकडे सिलिकॉनचा अस्वलाच्या आकाराचा रात्रीचा दिवा बघितला. डोक्यावर टपली मारली की रंग बदलतो, पोटात ब्लूटूथ स्पीकर, यूएसबीवर चार्ज होतो. नमुना कुरिअरने मागवला, घरात सगळ्यांना आवडला, म्हणून धाडस करून ४८० नग मागवले. आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी नंबर) काढला, ५०० रुपयांत आणि अर्ध्या तासात झालं. त्यामुळे वाटलं आयात म्हणजे काही अवघड नाही. पुरवठादाराने सीई (युरोपचा सुरक्षेचा शिक्का), आरओएचएस (घातक रसायनांबाबतचं) वगैरे सर्टिफिकेटं पाठवली. माल एलसीएलने, म्हणजे इतरांबरोबर वाटून घेतलेल्या कंटेनरमधून, न्हावा शेवाला उतरला. एजंटने दिवा म्हणून बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयात अर्ज) भरली.

आता तपासणीत कार्टन उघडल्यावर क्वेरी आलीय की हे खेळणं आहे, खेळण्याला आयएसआय मार्क लागतो, तो कुठे आहे? एजंट रोज 'बघू साहेब, करतो काहीतरी' म्हणतो आणि सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) भाडं रोज चढतंय. हा दिवाच आहे हो! प्लग लावतात, उजेड पडतो. आता इथे टेस्ट करून माल सोडवता येईल का? कोणाला अनुभव?

गोदीकर

बॉक्सवर काय छापलंय? फोटो टाका. इनव्हॉइसवर मालाचं वर्णन काय आहे तेही सांगा.

सुपारी

शतकी धाग्याचा वास येतोय. शेंगदाणे घेऊन बसलो.

मीठमिरची

सीई असून अडवलं? कमाल आहे. युरोपात चालतं ते आपल्याला चालत नाही म्हणजे आपण युरोपच्या पुढे गेलो म्हणायचं.

कंदीलवाला

@गोदीकर, फोटो टाकता येत नाहीये, लिहून सांगतो. बॉक्सवर एक गोरं गुटगुटीत बाळ अस्वलाला मिठी मारून झोपलंय. कोपऱ्यात '३+' आणि त्याच्याखाली ते गोल रडकं तोंड, आत ०-३ लिहिलेलं आणि वर तिरकी काट. इनव्हॉइसवर 'सिलिकॉन टॉय लॅम्प'.

बाळाचा फोटो मीच सांगितला होता. आधी नुसता दिव्याचा फोटो होता, मला तो फार कोरडा वाटला.

गोदीकर

मग सोडा. तुम्ही स्वतःच त्याला खेळणं म्हटलंय.

मी तेवीस वर्षं क्लिअरिंगमध्ये आहे, पण इथे कोणाचा एजंट नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. खेळण्यांची क्वालिटी कंट्रोल ऑर्डर (दर्जाचा मार्क सक्तीचा करणारा सरकारी आदेश) २०२० ची, १ जानेवारी २०२१ पासून लागू. त्यातली खेळण्याची व्याख्या बघा: १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी बनवलेली किंवा उघडपणे त्यासाठीच असलेली वस्तू, मग ती निव्वळ खेळण्यासाठी असो वा नसो. हे शेवटचे चार शब्द फार महागडे आहेत. 'पण साहेब, याचा उजेडही पडतो' हा तुमचा बचाव त्या चार शब्दांनीच संपतो. वर तुम्ही ३+ छापलंत. तुमच्या माणसाने इनव्हॉइसमध्ये 'टॉय' लिहिलं. आणि ते रडकं तोंड म्हणजे तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका असा खेळण्यांवरचा इशारा. दिव्यावर तो कोण छापतो? अप्रेझरने, म्हणजे कस्टम्सच्या तपासनिसाने, वेगळं काही शोधायची गरजच ठेवली नाही तुम्ही.

दुसरं म्हणजे ते दिवा मानायला तयार झाले तरी तुमची सुटका नाही. आत लिथियम बॅटरी आहे, तिला आयएस १६०४६ चं रजिस्ट्रेशन. ब्लूटूथ स्पीकर सक्तीच्या रजिस्ट्रेशनच्या यादीत आहे. ब्लूटूथ आहे म्हणजे डब्ल्यूपीसीचं (वायरलेस उपकरणांच्या सरकारी खात्याचं) ईटीए, म्हणजे मंजुरी. एलईडी दिव्यांचं प्रकरण आणखी निराळं. अस्वल एक आणि पोटात चार खाती बसलीत.

एजंटने माल निघायच्या आधी हे विचारायला हवं होतं. पण तुम्हीही त्याला कागद माल निघाल्यावरच दिले असणार. बरोबर?

कंदीलवाला

बरोबर. जहाज सुटल्यावर.

आळशी_बोका

'पोटात चार खाती' वर फुटलो. गोदीकर काका, तुम्ही स्वतंत्र धागा काढाच.

लॅबमधला_उंदीर

@मीठमिरची, सीईबद्दल थोडं. सीई हे बऱ्याच वस्तूंसाठी उत्पादकाचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र असतं. कोणी तिसऱ्याने तपासलंच आहे असं नाही. युरोपातही बाजारात माल पकडला की कागद मागतात. आणि तो शिक्का तिथल्या कायद्यापुरता, आपल्याकडे त्याला कायदेशीर किंमत शून्य. मी टेस्टिंग लॅबमध्ये काम करतो. माझ्याकडे आलेल्या चायनीज 'सर्टिफिकेटां'पैकी कितीतरींवर फॅक्टरीचा पत्ता एक आणि मालावर दुसराच. काहींवर तर फोटोतली वस्तूसुद्धा वेगळी.

आपल्याकडे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. एक आयएसआय मार्क, म्हणजे स्कीम एक. खेळणी, हेल्मेट, प्रेशर कुकर वगैरे. इथे ब्युरोची (भारतीय मानक ब्युरो, बीआयएस) माणसं फॅक्टरी बघतात, तिथली टेस्टिंगची सोय बघतात, नमुना घेतात, मग सीएम/एल, म्हणजे परवान्याचा नंबर मिळतो. फॅक्टरी परदेशात असली तरी तेच. वर त्यांना १०,००० डॉलरची बँक गॅरंटी द्यावी लागते आणि भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. दुसरा रस्ता रजिस्ट्रेशनचा, मोबाइल, चार्जर, पॉवर बँक यांचा. त्यात नमुना भारतातल्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासतात आणि आर ने सुरू होणारा आठ आकडी नंबर मिळतो. ही यादी २०१२ च्या ऑर्डरने पंधरा वस्तूंवर सुरू झाली, आता किती वाढलीय ते रोज बघावं लागतं.

दोन्हीत एक गोष्ट समान. परवाना फॅक्टरीला मिळतो, व्यापाऱ्याला नाही. तोच दिवा, तोच साचा, पण गल्लीतल्या पलीकडच्या फॅक्टरीने बनवला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून धागाकर्त्याचा 'आता टेस्ट करून सोडवता येईल का' हा प्रश्न: नाही. टेस्ट मालाची होईल हो, पण परवाना फॅक्टरीला हवा आणि तो माल बनण्याआधी हवा.

घासाघीस

४८० नगांसाठी कोणती फॅक्टरी दहा हजार डॉलर अडकवेल? हा नियम सुरक्षेसाठी नाही, दार बंद करण्यासाठी आहे. खेळण्यांवरची ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ मध्ये ७०. सुरक्षा हवी होती तर ड्युटी कशाला? उगाच मुलांच्या नावाने गळा काढायचा.

भोसरीचा_राजू

@घासाघीस, दार बंद झालं म्हणूनच आमच्यासारख्यांचं उघडलं. आता दुसरी बाजू ऐका.

भोसरीत माझं अठरा माणसांचं युनिट आहे, एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला हवी तेवढी वीज देणारं सर्किट) बनवतो. पूर्वी मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊन भाव विचारायची लाज वाटायची. माझ्या कच्च्या मालाच्या किमतीत त्यांच्याकडे तयार ड्रायव्हर. एक उघडून बघितला. २३० व्होल्टची बाजू आणि माणूस हात लावतो ती बाजू, यांच्यात बोर्डवर किमान पाचेक मिलिमीटर मोकळी जागा लागते. त्यात दोनसुद्धा नव्हती. ट्रान्सफॉर्मरवर टेपचे तीन वेढे हवेत, एक होता. वाय कपॅसिटरच्या (शॉकपासून वाचवणाऱ्या खास कपॅसिटरच्या) जागी साधा निळा डिस्क कपॅसिटर. दिवा लागायचा छान. पावसाळ्यात ओल धरली की घरातला माणूस आणि वायर यांच्यात नशीबच उभं.

मी ते सगळं नीट करायचो म्हणून माझा नग बावीस रुपयांनी महाग पडायचा. गिऱ्हाइकाला ते बावीस रुपये दिसतात, पाच मिलिमीटर दिसत नाहीत. रजिस्ट्रेशन सक्तीचं झाल्यावर निदान मोठे खरेदीदार नंबर विचारायला लागले. मलाही फी भरावी लागली, तीन वेळा नमुना नापास झाला, शिव्या घातल्या. पण नियम नसता तर मी आज ड्रायव्हर बनवत नसतो, विकत असतो.

तिसरा_मजला

राजूभाऊ, +१००. माझ्या भावाचा पॉवर बँक उशीजवळ फुगला होता. सकाळी बघतो तर प्लास्टिक मधून उकललेलं, आतली चंदेरी पिशवी पुरीसारखी टम्म. त्यावर आर नंबर होता बरं का. ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला तर भलत्याच कंपनीचा, भलत्याच वस्तूचा निघाला.

मीठमिरची

म्हणजे नियम पाळणारा बंदरात अडकतो आणि नंबर चोरणारा उशीखाली पोचतो.

लॅबमधला_उंदीर

@मीठमिरची, हे मात्र खरं. बंदरावरची तपासणी कागदाची आणि थोडीफार नगांची. बाजारातली तपासणी त्यामानाने विरळ. कायदा कडक आहे, २०१६ च्या बीआयएस कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख दंड, पुढच्यांना किमान पाच लाख, आणि दंड मालाच्या किमतीच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकतो. पण पकडणार कोण, हा प्रश्न राहतोच.

सुपारी

आमच्या आजीचा ठाम समज होता की आयएसआय म्हणजे 'आय से इट्स ओके'.

आळशी_बोका

आजींची व्याख्या सीईला तंतोतंत लागू आहे.

सूतगिरणीचा_नातू

इचलकरंजीहून लिहितोय. राजूभाऊंचं खरं आहे पण सगळीकडे तसं नाही. चार्जर, खेळणी, हेल्मेट ठीक, जिवाचा प्रश्न आहे. पण अशीच ऑर्डर कापडाच्या धाग्यावर लावली तेव्हा काय झालं? पॉलिएस्टरच्या धाग्याने कोणाला शॉक बसतो? बाहेरचा स्वस्त धागा थांबला, इथले मोठे उत्पादक मोजकेच, भाव त्यांनी ठरवायचा. आम्ही लूमवाले दोन्हीकडून मेलो, कारण तयार कापड मात्र बाहेरून येतच होतं. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनेच पॉलिएस्टरचा धागा, त्याची कच्ची रसायनं आणि काही प्लास्टिक मिळून १४ ऑर्डरी मागे घेतल्या. मधल्या काळात ज्यांनी लूम भंगारात घातले ते परत येणार आहेत का?

सुपारी

धाग्यावर धाग्याची चर्चा. आज भरून पावलो.

घासाघीस

@सूतगिरणीचा_नातू, हेच म्हणतोय. तयार वस्तूला नियम लावा, कच्च्या मालाला नको. राजूभाऊ, तुमच्या एमसीबी, तुमच्या तांब्याच्या तारा, तुमच्या स्क्रूवर ऑर्डर आली की सांगा कसं वाटतं.

भोसरीचा_राजू

आलीय की. स्क्रूवाल्याने भाव वाढवला तेव्हा मीही तुमच्यासारखंच बोलत होतो. मान्य.

सावंतवाडीकरीण

धाग्यात खेळण्यांचा विषय निघालाय म्हणून. आमच्याकडे चितारआळीत लाकडी खेळणी बनतात, भातुकली, फळं, बैलगाडी. २०२१ ला ऑर्डर आली तेव्हा सगळे धास्तावले होते. लाखेच्या रंगाच्या केळ्याला आयएसआय मार्क कुठून आणायचा? नंतर कळलं की विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक निर्देशन असलेल्या खेळण्यांना सूट आहे. पण नोंदणी नसलेला कारागीर काय करतो, तर 'खेळणी' हा शब्दच टाळतो. शोभेची वस्तू म्हणून विकतो. म्हणजे कंदीलवाल्यांच्या नेमकं उलट!

कंदीलवाला

ताई, हे आधी वाचलं असतं तर बाळाऐवजी फुलदाणी छापली असती.

गोदीकर

थांबा, यातून चुकीचा धडा घेऊ नका. इथे वाचून उद्या चार जण खेळण्यावर 'शोभेची वस्तू' छापून माल आणतील. छापलेलं शेवटचं नसतं, तो एक पुरावा असतो. वस्तूचं रूप, रंग, आकार, ऑनलाइन जाहिरात सगळं बघतात. मुद्दाम खोटं वर्णन केल्याचं दिसलं तर कस्टम्स कायद्याच्या सेक्शन १११ खाली माल जप्त आणि ११२ खाली दंड. कंदीलवाल्यांची चूक बाळाचा फोटो ही नाही. ज्याला मुलांच्या हातात द्यायचंय त्याला दिवा समजून आणलं, ही चूक.

कंदीलवाला

खरंय. लेकीने नमुना आल्या दिवशीच त्याचा कान चावला होता. मी सिलिकॉनची चव कशी आहे विचारलं आणि हसलो.

परदेशस्थ_पाहुणा

जरा अवांतर. अमेरिकेतून भाच्याला कुरिअरने टॅब पाठवला, वर 'गिफ्ट' लिहिलं, तरी ड्युटी घेतली. पूर्वी पाच हजारांपर्यंतची भेट माफ होती ना?

गोदीकर

डिसेंबर २०१९ पासून नाही. ड्युटीमाफ भेट म्हणून पोस्टाने किंवा कुरिअरने फक्त जीव वाचवणारी औषधं आणि राखी येऊ शकते. आणि त्या आदेशात स्पष्ट लिहिलंय: राखी, पण राखीसोबतची भेटवस्तू नाही.

आळशी_बोका

म्हणजे ओवाळणी अजूनही भारतातल्या भावाकडूनच. शासनाने परंपरा जपली.

मीठमिरची

राखी इकडे आली तर ओवाळणी तिकडे जाईल ना? बोकोबा, दिशा चुकली.

आळशी_बोका

झोपेत लिहिलं. मांजर आहे, माफ करा.

फोडणी_फोरॉन

आमचा आयातीचा धंदा खाण्याच्या वस्तूंचा, तिथली गंमत वेगळी. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) नियम असा की माल क्लिअर होताना ६० टक्के आयुष्य शिल्लक हवं, किंवा मुदत संपायला तीन महिने, यातलं जे कमी असेल ते. पहिल्या खेपेला आम्ही ऑलिव्हची स्वस्त खेप पकडली. स्वस्त का होती ते बंदरात कळलं. वर शाकाहारीचं हिरवं चिन्ह नव्हतं. ते मात्र कस्टमच्या गोदामात स्टिकर लावून दुरुस्त करता येतं. दोघं नवरा-बायको आणि एक पुतण्या, अडीच हजार बाटल्यांना हिरवे ठिपके चिकटवले. रात्री डोळे मिटले की हिरवं दिसायचं.

कंदीलवाले, तुमच्या पेट्यांवर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, कुठल्या देशात बनलं, तक्रारीसाठी फोन हे होतं का? लीगल मेट्रॉलॉजी, म्हणजे वजनमापं आणि वेष्टनाचा कायदा. तेही बघतात.

कंदीलवाला

नव्हतं. मला वाटलं ते दुकानात आल्यावर लावायचं.

वकील_नाही_पण

वकील नाही, पण एका आयात खटल्यात पाच वर्षं फाइल उचलली आहे, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

कंदीलवाले, तुम्ही रोज भाड्याला घाबरताय ना, तर आधी ते मीटर हळू करा. सेक्शन ४९ नावाची सोय आहे: निर्णय होईपर्यंत माल बाँडेड गोदामात (कस्टम्सच्या ताब्यातल्या सार्वजनिक गोदामात) हलवायची परवानगी मागता येते. सीएफएसपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं. एजंटला लेखी सांगा. 'बघू साहेब' वर अवलंबून राहू नका.

मग मार्ग तीन. भांडायचं असेल तर कारणे दाखवा नोटीस घ्या, उत्तर द्या, सुनावणी मागा. तुमच्या बॉक्सचं वर्णन वाचून मी तरी भांडणार नाही. दुसरा, माल परत पाठवायची परवानगी मागणं. यात सेक्शन १२५ खाली जप्तीऐवजीचा दंड भरावा लागू शकतो, वर ११२ चा वेगळा. तिसरा, मालावरचा हक्क सोडून देणं, सेक्शन २३. ड्युटी वाचते, पण ज्या मालाबाबत गुन्हा घडल्याचं दिसतंय त्याला हा रस्ता नाही, आणि तुमच्या बाबतीत ते तसंच म्हणतील. म्हणजे परत पाठवणं. कितीचा माल आहे?

कंदीलवाला

दीड लाखाच्या आत-बाहेर. भाडं धरून ड्युटी किती लागली असती तेही आता नीट कळलं नाही बघा. एजंटने एकच आकडा सांगितला होता.

गोदीकर

ड्युटी कशी चढते ते एकदा सगळ्यांनीच समजून घ्या. इनव्हॉइसच्या किमतीवर ती लागत नाही. त्यात भाडं आणि विमा धरून जी किंमत येते तिच्यावर लागते. भाड्याचा कागद नसेल तर एफओबीच्या (माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्का विमा धरतात, म्हणून कागद जपून ठेवा. समजा ही किंमत १०० आली आणि बेसिक ड्युटी २० टक्के आहे. २० ड्युटी, तिच्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज म्हणजे २. झाले १२२. आता आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के १०० वर लागत नाही, १२२ वर लागतो: २१ रुपये ९६ पैसे. एकूण १४३.९६. त्यातला आयजीएसटी जीएसटीच्या हिशोबात परत मिळतो, पण तोवर तुमचे पैसे अडकतात. लोक १०० मध्ये ३८ मिळवून भाव काढतात आणि पहिल्याच खेपेला नफा बंदरात ठेवून येतात.

तिसरा_मजला

आयजीएसटी ड्युटीवर पण? म्हणजे करावर कर?

गोदीकर

आणि सरचार्ज हा ड्युटीवर. करावर कर, त्यावर कर. बसा आता हिशोब करत.

घासाघीस

यावर मात्र राजूभाऊ आणि मी एक होऊ शकतो.

भोसरीचा_राजू

चहा माझ्याकडून.

लॅबमधला_उंदीर

कंदीलवाले, पुढच्या वेळसाठी: पैसे पाठवायच्या आधी पुरवठादाराकडून भारताचा परवाना मागा, नंबर अ‍ॅपमध्ये टाका, आणि फॅक्टरीचा पत्ता, मॉडेल नंबर, ब्रँडचं नाव अक्षर न अक्षर जुळवा. तुमच्या ब्रँडने विकायचं असेल तर तुमचा ब्रँड त्या परवान्यात चढवून घ्यावा लागतो. 'वी हॅव बीआयएस, नो प्रॉब्लेम' असा चॅट म्हणजे परवाना नव्हे. तो चॅट माझ्याकडे निदान चाळीस लोकांनी दाखवलाय, सगळ्यांत तोच हसरा चेहरा शेवटी.

कंदीलवाला

माझ्याकडच्या चॅटमध्ये दोन हसरे चेहरे आणि एक अंगठा आहे.

सुपारी

मग तर प्रीमियम सर्टिफिकेट.

कंदीलवाला (पाच आठवड्यांनी)

धागा वर आणतोय. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून.

सेक्शन ४९ चा अर्ज केला, माल बाँडेड गोदामात हलला, भाडं निम्म्यावर आलं. @वकील_नाही_पण, एक किलो चितळ्यांची बाकरवडी देणं लागतो. सुनावणीला मी स्वतः गेलो. अधिकाऱ्यांनी टेबलावर बॉक्स ठेवला, बाळाकडे बोट केलं आणि विचारलं, 'हा उजेडात वाचायला बसलाय का?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत पाठवायची परवानगी मिळाली, दंड भरून. पुरवठादाराने परत घ्यायला आधी नकार दिला, मग बॅटरीचे कागद नव्याने करा म्हणाला, मग एक तृतीयांश किमतीत घेतले. भाडं, दंड, एजंट, परतीचं जहाज सगळं धरून दीड लाखाच्या मालापायी एक लाख नव्वद हजार गेले. एजंट बदलला. नव्याने पहिल्या भेटीत विचारलं, 'बॉक्सवर काय छापणार?'

राजूभाऊंशी बोलणं झालंय, अस्वल नाही, साधा टेबलावरचा दिवा. ते भाव कमी करत नाहीत.

भोसरीचा_राजू

पाच मिलिमीटर आहेत त्यात.

फोडणी_फोरॉन

हे झालं ते चांगलं. आणि नमुन्याचं अस्वल? ते आहे ना अजून?

कंदीलवाला

आहे. एक कान नाही.

नवा_पाखरू

नमस्कार, मी नवीन सदस्य. धागा अर्धाच वाचला, फार मोठा आहे. मला छतावर तारे पाडणारे प्रोजेक्टर मागवायचेत, दोनशे नग. पुरवठादार म्हणतो सीई आहे. बॉक्सवर छोटा डायनासोर आहे, चालेल ना?

गोदीकर

फोटो टाका.